संधी समोर होती तरी दावीद थांबला: वाट बघण्याच्या वर्षांची एक केस

आज एकच केस घेऊया, बायबलमधल्या दावीदची, आणि ती गल्याथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला पाडल्याची नाही, ती सगळ्यांना पाठच आहे. मला लिहायचंय ते त्याला अभिषेक झाला, म्हणजे तेल ओतून पुढचा राजा म्हणून निवडलं गेलं, तिथपासून खरोखर सगळ्या इस्राएलचा राजा होईपर्यंत जी वर्षं गेली त्यांच्याबद्दल. बायबलमधल्या १ शमुवेल ह्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात ही गोष्ट सुरू होते आणि २ शमुवेलच्या ५व्या अध्यायापर्यंत चालते, आणि मधले बरेचसे अध्याय आपण पटापट उलटतो कारण त्यात डोंगर, गुहा, पळापळ आणि कठीण कठीण नावं आहेत. पण जो माणूस आत्ता कशाची तरी वाट बघतोय, म्हणजे नोकरीची, लग्नाची, मुलाची, आजारातून उठण्याची, तुटलेलं नातं सांधलं जाण्याची, त्याच्या कामाचं सगळं ह्याच अध्यायांत आहे असं मला मनापासून वाटतं.

वाट बघणारा माणूस देवाला एक प्रश्न उघड विचारतो, की अजून किती दिवस? आणि दुसरा प्रश्न तो शक्यतो कोणाजवळ बोलत नाही, तो असा की समोर एक दार उघडं दिसतंय, थोडं वाकडं आहे पण उघडं आहे, मी जाऊ का आत? दावीदच्या केसमधे हा दुसरा प्रश्न दोनदा येतो, अगदी हातात भाला घेऊन येतो.

आधी परिस्थिती समजून घ्या

संदेष्टा शमुवेल बेथलेहेमला दावीदचा बाप इशाय ह्याच्या घरी आला, सात मुलगे बघितले, एकही नाही, मग आठवा, जो मेंढरांकडे होता आणि ज्याला घरच्यांनी बोलवायचंही मनात आणलं नव्हतं, त्याला बोलावून भावांच्या देखत तेलाने अभिषेक केला आणि निघून गेला. तारीख दिली नाही. कधी, कसं, कोणत्या मार्गाने, काहीच सांगितल्याचं लिहिलेलं नाही. आणि पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, की दावीद परत मेंढरांकडे गेला. त्याच अध्यायात तेव्हाचा राजा शौल इशायाला निरोप पाठवतो तेव्हा म्हणतो की मेंढरांजवळ असलेला तुझा मुलगा दावीद माझ्याकडे पाठव. म्हणजे राजा म्हणून निवडलेला मुलगा, आणि काम तेच, शेण-लेंड्या, काटेकुटे, रात्रीची राखण. १७व्या अध्यायातही तो शौलाकडून बापाची मेंढरं राखायला बेथलेहेमला ये-जा करतोच आहे.

मग गल्याथ पडला, बायकांनी गाणी म्हटली, शौलाचं मन फिरलं. इथून सगळं बिघडतच जातं. शौल भाला फेकतो, मुद्दाम लढाईत पुढे घालतो, घरी मारेकरी पाठवतो, आणि मीखल म्हणजे दावीदची बायको, शौलाचीच मुलगी, त्याला खिडकीतून खाली सोडते तेव्हा कुठे तो वाचतो. हे सगळं अभिषेक झाल्यानंतरचं आहे हं. आपल्याला वाटतं देवाने शब्द दिला म्हणजे आता गाडी रुळावर, पण इथे शब्द मिळाल्यावर संकटं वाढली, आणि ह्यावरून देव रागावलाय किंवा आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते कारण ह्यावरून खूप लोकांचं नुकसान झालेलं आहे. भाला आला तेव्हा दावीद उभा राहिला नाही, तो बाजूला झाला आणि पळाला. देवावर भरवसा आहे म्हणून मार खात तिथेच बसायचं, हे ह्या गोष्टीत कुठेच नाही. घरात कोणी मारत असेल, छळत असेल, तर तिथून निघणं आणि सुरक्षित जागी जाणं ह्यात अविश्वास काही नाही, दावीदने प्रत्येक वेळेला तेच केलं.

पळताना त्याच्या हातून चूकही झाली. नोब गावात याजक, म्हणजे पुजारी, अहीमलेखाला तो खोटं बोलला, की राजाच्या गुप्त कामावर आलोय. अहीमलेखाने विश्वासाने भाकर दिली, गल्याथाची तलवार दिली. तिथे शौलाचा चाकर दवेग अदोमी होता, त्याने जाऊन शौलाला सांगितलं आणि शौलाच्या हुकमाने ८५ याजक मारले गेले. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार एकटा निसटून दावीदकडे आला, आणि दावीद त्याला सरळ म्हणाला की तुझ्या बापाच्या घराण्यातल्या माणसांच्या मरणाला मी कारण झालो. सारवासारव नाही, परिस्थितीवर ढकलणं नाही. वाट बघण्याच्या काळात माणूस घाबरलेला असतो आणि भीतीपोटी जे होतं त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना पडू शकतो, हे त्याने मान्य केलं आणि अब्याथारला आपल्याजवळ ठेवून घेतलं.

वाट बघत असताना तो करत काय होता

अदुल्लामच्या गुहेत त्याच्याकडे साधारण ४०० माणसं जमली. कोण, तर अडचणीत असलेले, कर्जबाजारी, मनाने कडवट झालेले. आईबापाला त्याने मवाबाच्या राजाकडे सुरक्षित नेऊन ठेवलं. मग बातमी आली की पलिष्टी, म्हणजे इस्राएलचे शत्रू, कईला गावाची खळी लुटतायत. आता खरं सांगा, स्वतःच्याच जिवाची शाश्वती नाही, राजा मागे लागलाय, असा माणूस म्हणेल ना की मला माझंच निस्तरू द्या आधी. दावीदने देवाला विचारलं, जाऊ का? जा. माणसं घाबरली म्हणून परत विचारलं, परत उत्तर, जा. गेला, गाव वाचवलं.

आणि मग कळलं की शौल इकडेच येतोय, तर त्याने पुन्हा विचारलं, ही कईलाची माणसं मला शौलाच्या हाती देतील का? उत्तर आलं, देतील. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला तीच. तो गावावर उलटला नाही, सूड नाही, आता सुमारे ६०० झालेली माणसं घेऊन गुपचूप निघाला आणि जिकडे वाट फुटेल तिकडे फिरत राहिला.

हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते कारण धीर धरणं म्हणजे हात बांधून बसणं अशी एक समजूत आपल्यात आहे. सिंहासन सोडून बाकी कुठलंही काम दावीदने थांबवलं नाही. माणसं सांभाळली, आईबापाची सोय केली, दुसऱ्याच्या संकटात धावला, विचारत राहिला. फक्त एक वस्तू, जी देवाने देतो म्हटली होती, तिला हात लावला नाही.

ह्याच दिवसांत योनाथान जीफच्या रानात त्याला भेटायला आला. शौलाचा थोरला मुलगा, रीतीने पाहिलं तर गादी त्याची. तो ना सैन्य घेऊन आला ना पळून जायचा प्लॅन, त्याने देवाच्या ठायी दावीदचा हात बळकट केला, एवढंच तिथे लिहिलंय. भिऊ नकोस, तू राजा होशील, मी तुझ्या खालोखाल असेन. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं तो येऊन देवाच्या शब्दाची आठवण करून देतो! कोणी जवळचं माणूस खूप दिवस वाट बघत असेल तर त्याला सल्ल्यांचा ढीग देऊ नका, देवाने काय म्हटलं होतं ते त्याच्या शेजारी बसून परत सांगा, आणि जमलं तर थोडं चालून जा त्याच्यापर्यंत, फोनवर सगळं होत नाही.

एन-गेदीची गुहा

आता मुख्य प्रसंग, १ शमुवेल २४. शौल ३००० निवडक माणसं घेऊन एन-गेदीच्या कड्यांमधे दावीदला शोधतोय आणि एका गुहेत एकटाच बहिर्दिशेला जातो, आणि त्याच गुहेच्या आतल्या भागात दावीद आणि त्याची माणसं बसलेली. माणसं काय म्हणाली बघा, की हाच तो दिवस, परमेश्वर तुला म्हणाला होता ना की शत्रूला तुझ्या हाती देईन, तुला बरं वाटेल ते त्याचं कर.

ह्या बोलण्याला हलकं समजू नका. ही वाईट माणसं नव्हती, त्याच्यावर जीव टाकणारी होती, त्याच्याबरोबर उपाशी राहिलेली. आणि त्यांच्या बाजूने सगळं जुळत होतं: देवाचं वचन होतं, शत्रू एकटा होता, अन्याय खरा होता, थकवा खरा होता, आणि एका घावात सगळ्यांची वणवण संपणार होती. इतकं जुळून आल्यावर आपण काय म्हणतो? देवानेच जुळवून आणलं. साक्षसुद्धा देऊन मोकळे होतो.

दावीदला फक्त एक गोष्ट दिसली जी बाकीच्यांना दिसली नाही. शौल वाईट वागत होता तरी त्याला त्या जागी देवाने बसवलं होतं, आणि उठवायचं तर देवाने. परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही, हे त्याचं उत्तर. संधी आली म्हणजे देवाची परवानगी आली असं त्याने धरलं नाही. त्याने शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं.

हे आजच्या भाषेत सांगायचं तर, नोकरीसाठी खोटं सर्टिफिकेट दिलं की काम होतंय, दुसऱ्याचं घर मोडलं तर आपलं जमतंय, भावाची सही मिळवायला आईच्या आजारपणाचा दबाव टाकला की वाटणी होतेय. दार उघडं आहे, गरज खरी आहे, प्रार्थनाही खूप केलीय. मग बघायचं काय, तर आत जाताना माझ्या हाताला काय करावं लागतंय हे बघायचं. जे मिळवण्यासाठी मला देवाच्या सांगण्याविरुद्ध वागावं लागतंय ते त्याने ह्या मार्गाने पाठवलेलं नाही, मग ते कितीही वचनासारखं दिसू दे.

दावीद गप्पही बसला नाही. शौल बाहेर पडल्यावर तो मागोमाग बाहेर आला, हाक मारली, जमिनीपर्यंत लवून नमस्कार केला आणि मग सगळं बोलला, की लोकांचं का ऐकता, हा बघा तुमच्या झग्याचा काठ, मी तुमचं काय वाईट केलं, माझा आणि तुमचा न्याय परमेश्वर करो, पण माझा हात तुमच्यावर पडणार नाही. धीर धरणं म्हणजे झालेला अन्याय गिळून सगळं छान चाललंय म्हणणं नव्हे. आणि देवाशीही तो असंच बोलायचा, गुहेत असतानाची प्रार्थना म्हणून जे १४२वं स्तोत्र आहे त्यात तो आपलं गाऱ्हाणं देवापुढे ओततो, आणि दावीदच्याच नावाच्या १३व्या स्तोत्रात किती वेळ, कुठवर, असं चार वेळा विचारतो. ज्यांना कोणी सांगितलंय की देवाला प्रश्न विचारणं म्हणजे कमी विश्वास, त्यांनी ही दोन स्तोत्रं मोठ्याने वाचावीत.

शौल रडला. तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस, तू राजा होणार हे मला माहीत आहे, असंही म्हणाला. पण शेवटचं वाक्य बघा, शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांबरोबर गडावर गेला. अश्रू बघून तो शौलाबरोबर परत गेला नाही. सूड सोडून दिला पण लगेच भरवसा टाकला नाही, आणि दोन अध्यायांनी शौल पुन्हा ३००० माणसं घेऊन आलाच.

आणि मग नाबाल

ही केस मला खरी वाटते ती २५व्या अध्यायामुळे. एन-गेदीला एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, आणि नाबाल नावाचा एक श्रीमंत, ३००० मेंढरं आणि १००० बकऱ्या असलेला, दावीदच्या माणसांनी त्याच्या मेंढपाळांना रानात राखलं होतं, तर कातरणीच्या दिवशी थोडं काही मागितलं तर तो म्हणाला, कोण हा दावीद? हल्ली आपल्या धन्याला सोडून पळणारे चाकर पुष्कळ झालेत. झालं. दावीद ४०० माणसांना तलवारी बांधायला सांगतो, सकाळपर्यंत त्याच्याकडचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही म्हणतो.

जीव घ्यायला टपलेल्या राजाला सोडलं आणि एका उद्धट माणसाच्या टोमण्यावर सगळं घर कापायला निघाला. लांबलेली प्रतीक्षा अशीच बाहेर पडते. मोठ्या दुःखात आपण प्रार्थना करून सावरतो आणि मग घरातल्या पोरावर, भाजी खारट झाली म्हणून, कोणी लग्नात विचारलं की तुमचं कधी, त्याच्यावर फुटतो. तो राग त्या माणसाचा नसतोच सगळा, साठलेला असतो.

अबीगईल, नाबालाची बायको, गाढवांवर खाणं लादून मधेच आडवी आली. तिने जे म्हटलं ते फार शहाणपणाचं आहे, की परमेश्वर तुम्हाला इस्राएलचा अधिपती करेल तेव्हा विनाकारण रक्त सांडलं, स्वतःच्या हाताने सूड घेतला ही बोचणी तुमच्या मनाला राहू नये. म्हणजे तिने त्याला आज सोडून त्या दिवशी नेऊन उभं केलं, की तिथे पोचशील तेव्हा आजचं हे काम सोबत घेऊन पोचायचंय का? आणि दावीदने ऐकलं, न ओळखणाऱ्या बाईचं, आपल्या ४०० माणसांसमोर, आणि तिला पाठवल्याबद्दल देवाचे आभार मानले. साधारण १० दिवसांनी नाबाल वारला, दावीदचा हात न लागता.

२६व्या अध्यायात तोच पेपर पुन्हा. शौल छावणीत झोपलाय, भाला उशाशी जमिनीत रोवलेला, त्याचा सेनापती अबनेर आणि सगळे गाढ झोपेत, आणि दावीदबरोबर आलेला अबीशय म्हणतो एकाच घावात संपवतो, दुसरा लागणार नाही. इथे दावीद जे बोलतो ते नीट वाचा: परमेश्वरच त्याला मारेल, नाहीतर त्याची वेळ येऊन तो मरेल, नाहीतर लढाईत जाऊन नाश पावेल. तीन मार्ग सांगितले आणि त्यातला कोणता ते स्वतः ठरवलं नाही. आपलं बहुतेक टेन्शन ह्याच ठिकाणी असतं, देव करेल ह्यावर विश्वास असतो पण कसं करावं ते आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं. भाला आणि पाण्याचा चंबू उचलून तो निघून गेला, आणि नंतर भाला परतही केला.

थकला तो

लगेच पुढचा अध्याय असा सुरू होतो की दावीद मनात म्हणाला, मी एखाद दिवशी शौलाच्या हातून मरणार. इतकं सगळं बघून झाल्यावर! तो पलिष्ट्यांच्या मुलखात गथच्या आखीश राजाकडे गेला, सिकलाग गाव मिळालं, १ वर्ष ४ महिने राहिला. त्या अख्ख्या अध्यायात त्याने देवाला विचारल्याचा उल्लेख नाही. आणि प्लॅन चालला, शौलाने पाठलाग सोडला, रात्रीची झोप मिळाली असेल. पण ते सुख टिकवायला रोज आखीशशी खोटं बोलावं लागलं, छापे टाकावे लागले, कोणी जाऊन सांगू नये म्हणून त्या गावांतली माणसं जिवंत ठेवली नाहीत. शेवटी वेळ अशी आली की पलिष्ट्यांबरोबर इस्राएलवरच चालून जायचं. पलिष्टी सरदारांनाच त्याच्यावर संशय आला आणि त्यांनी परत पाठवलं, म्हणून तो त्यातून सुटला, स्वतःच्या हुशारीने नाही.

तिसऱ्या दिवशी सिकलागला पोचले तर गाव जळलेलं, बायकामुलं अमालेकी टोळीने नेलेली. रडायची शक्ती उरली नाही इतके रडले, आणि त्याचीच माणसं त्याला दगडमार करायचं बोलू लागली. तिथे लिहिलंय की दावीदने आपला देव परमेश्वर ह्याच्या ठायी स्वतःला धीर दिला. योनाथान नव्हता, अबीगईल, जी नाबालानंतर त्याची बायको झाली होती, ती पकडलेली होती, शमुवेल वारलेला होता, धीर द्यायला माणूस एकही नाही. मग अब्याथारला म्हणाला एफोद आण (देवाला विचारताना वापरायचं याजकाचं वस्त्र), आणि विचारलं, पाठलाग करू का? सोळा महिन्यांत कुठे विचारलेलं दिसत नाही, आणि आता विचारल्यावर देव हिशोब काढत नाही, उत्तर देतो, जा, सगळं परत मिळेल. सगळं मिळालंही, आणि बसोरच्या ओढ्याशी दमून मागे राहिलेल्या २०० जणांनाही त्याने सारखाच वाटा दिला.

कोणी ह्या अवस्थेत असेल, थकून भलतीकडे जाऊन बसला असेल, प्रार्थना बंद पडून महिने झाले असतील, तर परत सुरुवात करायला मोठं काही लागत नाही, दावीदने पुढच्या पावलाचा एक प्रश्न विचारला होता.

गादी आली तेव्हा

शौल गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत पडला, दावीदने म्हटलेल्या तीन मार्गांपैकी तिसरा. एक अमालेकी त्याचा मुकुट आणि दंडातलं कडं घेऊन धावत दावीदकडे आला, मीच शेवटचा घाव घातला म्हणाला, इनामाच्या आशेने. दावीदने कपडे फाडले, संध्याकाळपर्यंत उपास केला, आणि त्या माणसाला विचारलं, परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकायला तुला भीती कशी वाटली नाही, आणि त्याला देहदंड दिला. मुकुट हातात होता, शत्रू मेला होता, आणि तरी त्याने आधी विचारलं, यहूदातल्या एखाद्या नगरात जाऊ का? जा. कोणत्या? हेब्रोनला.

तिथे यहूदाच्या, म्हणजे त्याच्याच वंशाच्या, लोकांनी त्याला अभिषेक करून राजा केलं, बाकीचं इस्राएल शौलाचा मुलगा ईश-बोशेथ ह्याच्याकडे. म्हणजे वाट संपली नव्हतीच, हेब्रोनात ७ वर्षं ६ महिने गेले. मधे दोघांनी ईश-बोशेथला झोपेत मारून त्याचं डोकं दावीदकडे आणलं, पुन्हा तोच शॉर्टकट, आणि पुन्हा तेच उत्तर, त्या दोघांना देहदंड. मग इस्राएलचे सगळे वडील आपणहून हेब्रोनला आले, त्यांनी त्याच्याशी करार केला आणि त्याला अभिषेक केला, तिसऱ्यांदा. येताना ते काय म्हणाले ते वाचा, की शौल आमचा राजा होता तेव्हाही आम्हाला बाहेर नेणारे आणि परत आणणारे तुम्हीच होता. ज्या वर्षांत त्याच्याकडे गादी नव्हती त्या वर्षांतलं त्याचं काम ह्या लोकांनी बघून ठेवलं होतं.